पाच जणांच्या घरासाठी सनस्क्रीन कसे निवडावे आणि किती लावावे?

प्रश्न – गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे दापोलीजवळ हर्णैला समुद्रावर जाणार आहोत आणि त्या निमित्ताने सनस्क्रीनचा प्रश्न एकदा नीट समजून घ्यावा, असे वाटते. घरात सासरे आहेत (वय ७१, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे). यजमान बांधकामाच्या साइटवर देखरेख करतात आणि दिवसभर उन्हात असतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले आहे. मुलगी दहा वर्षांची असून सकाळी सात वाजता उघड्या तलावात पोहायला जाते, आणि धाकटा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. दुकानात ३०, ५०, ७० असे आकडे, जेल, क्रीम, स्प्रे, ‘मिनरल’, ‘किड्स’ असे इतके प्रकार दिसतात की, रिकाम्या हाताने परत यावे लागते. जितका आकडा मोठा तितके चांगले, हे खरे आहे का? आणि सर्वांसाठी मिळून एकच मोठी ट्यूब घेतली तर चालेल का?

उत्तर – बीकर, ठाणे

ताई, मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनचे काम करतो, म्हणून आधी आकड्याचा उलगडा करतो. एसपीएफ हा आकडा मुख्यतः सूर्याच्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. एसपीएफ ३० च्या थरातून त्यातील सुमारे तिसावा हिस्सा, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास किरण आत जातात आणि ५० च्या थरातून २ टक्के. ३० वरून ५० वर जाण्यात थोडा लाभ आहे, ५० वरून ७० वर जाण्यात नाममात्र. परंतु प्रयोगशाळेत हा आकडा काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतके सनस्क्रीन लावतात, आणि घरी बहुतेक जण त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतात. तेव्हा ५० चे पातळ बोट फिरवणाऱ्यापेक्षा ३० भरपूर लावणारा अधिक सुरक्षित असतो.

भरपूर म्हणजे किती? तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळापासून टोकापर्यंत ट्यूबमधून दोन रेघा काढाव्यात. तेवढे चेहरा आणि मान यांना लागते. हे साधारण १ ते सव्वा ग्रॅम भरते. बाळ वगळून चार जणांनी दिवसातून एकदाच लावले, तरी ५० ग्रॅमची ट्यूब दहा-बारा दिवसांत संपायला हवी. ज्या घरात ती उन्हाळाभर पुरते, त्या घरात सनस्क्रीनचा नुसता वास लावला जातो, असे मी थट्टेने म्हणतो. म्हणूनच महागडी छोटी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा, हात आखडता न घेता वापरता येईल अशा किमतीची घ्यावी. मॉइश्चरायझरमधील १५ आणि क्रीममधील ३० मिळून ४५ होतात, हा हिशेबही चुकीचा आहे.

वेष्टनावर आणखी एक गोष्ट पाहावी: यूव्हीए किरणांपासूनचे संरक्षण. हे किरण त्वचेत खोलवर जातात, काळपटपणा आणि सुरकुत्या वाढवतात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा पीए आणि त्यापुढची अधिक चिन्हे असतात. ही पद्धत जपानमधून आली असून चार अधिक म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. आपल्या त्वचेला उन्हाने होणारा नेहमीचा त्रास डाग आणि काळवंडणे हा असल्यामुळे, निवड करायची वेळ आलीच तर मी ३० आणि चार अधिक असलेले घेईन. केवळ ७० चा आकडा असलेले नाही.

आता वांगाविषयी. अतिनील किरणांच्या जोडीला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर, वांग गडद करतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे ‘टिंटेड’ सनस्क्रीन उपयोगी पडते. त्यामुळे चेहऱ्यावर पांढरट थरही दिसत नाही. तुमची ट्यूब वेगळी असावी ती या कारणासाठी. शिवाय आपण बाळाला अंगावर पाजत असल्यास, वांगावरची डाग घालवणारी मलमे त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

सासऱ्यांच्या गोळीचे नाव पाहावे. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल, तर त्वचा उन्हाला अधिक हळवी होऊ शकते. गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि उन्हापासून अधिक जपावे. ते गांधी टोपी घालत असतील, तर टाळू झाकली जाते, पण कान आणि मान उघडीच राहतात. समुद्रावर रुंद काठाची टोपी किंवा खांद्यावरचे उपरणे मानेवरून घेतलेले बरे.

उत्तर – सावली, सातारा

आमच्या पिढीने खोबरेल तेलावर आणि डोक्यावरच्या पदरावर आयुष्य काढले, तेव्हा इतक्या ट्यूबांची खरोखर गरज आहे का, असा माझा प्रश्न आहे. ताई, यजमानांना पूर्ण बाह्यांचा दाट विणीचा सुती सदरा द्या, मुलीला सावलीत खेळू द्या, एवढे पुष्कळ झाले.

उत्तर – यारा, मेलबर्न

सावलीताईंचे अर्धे म्हणणे इथले ऑस्ट्रेलियन लोकही मान्य करतील. उन्हापासून बचावासाठी १९८१ पासून येथे गाजलेल्या मोहिमेत पहिली सूचना सदरा घालण्याची आहे, त्यानंतर सनस्क्रीन आणि मग टोपी. आमच्या मुलांच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानात खेळू देत नाहीत. खोबरेल तेलाचे मात्र मला पटत नाही, कारण त्याने मिळणारे संरक्षण अगदीच तुटपुंजे असते. क्वीन्सलँडमधील नॅम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात मोठी चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेच्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. तेथील लोक प्रामुख्याने गोऱ्या त्वचेचे होते, म्हणून ती टक्केवारी आपल्याला जशीच्या तशी लावू नये. आपल्या लोकांत हा कर्करोग मुळातच कमी आढळतो.

आम्ही येथे सकाळी हवामानाबरोबर यूव्ही निर्देशांकही, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडाही, पाहतो. तो ३ किंवा त्याहून वर गेला की काळजी घ्यायची, ११ आणि त्यापुढे म्हणजे अतितीव्र. घड्याळापेक्षा सावली पाहणे सोपे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन जोरात आहे, असे समजावे. आपण ज्या आठवड्यात हर्णैला जाणार आहात, नेमक्या त्याच सुमारास तेथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर असतो. ढगाळ हवा आणि समुद्राचा गार वारा यांवर विसंबू नये, कारण वाऱ्याने उकाडा जाणवत नाही, पण अतिनील किरण कमी होत नाहीत. समुद्रात सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर उतरावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – गोदाकाठ, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. तीन शंका उरल्या आहेत. सकाळी सातच्या पोहण्यालाही मुलीला लावावे का? यजमान म्हणतात की, घामाने ते डोळ्यांत उतरते. आणि बाळाला ‘किड्स’ लिहिलेले लावले तर चालेल का?

उत्तर – बीकर, ठाणे

सातच्या तासाला ऊन कोवळे असते आणि मुलगी आठपर्यंत घरी परतत असेल, तर सनस्क्रीनचा आग्रह धरण्याची गरज नाही. हर्णैला मात्र पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा आणि उघड्या भागावर ‘वॉटर रेझिस्टंट’ सनस्क्रीन पाण्यात उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे साधारण ४० किंवा ८० मिनिटे टिकणारे. टॉवेलने अंग पुसले की पुन्हा लावावेच लागते. स्प्रे मुलांना नको. तो श्वासात जातो आणि पुरेसा थर बसला की नाही, हे कळत नाही.

यजमानांनी कपाळावर आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडची कांडी वापरून पाहावी. ती ओघळत कमी आणि झोंबतही कमी. बाकी चेहऱ्याला, कानांना, मानेच्या मागच्या बाजूला आणि हातांच्या पाठीला नेहमीचे सनस्क्रीन लावावे. दर दोन तासांनी पुन्हा लावण्याचा नियम साइटवर पाळणे अवघड असले, तरी जेवणाच्या सुट्टीत तोंड धुऊन दुसऱ्यांदा लावणे त्यांना जमण्यासारखे आहे. ट्यूब मात्र गाडीच्या डिकीत ठेवू नये, कारण त्या उष्णतेत सनस्क्रीन फुटते.

बाळाला सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीन लावू नये, मग वेष्टनावर काहीही लिहिलेले असो. त्याला सावली, सैल पूर्ण बाह्यांचे झबले आणि टोपी पुरेशी आहे. भर दुपारी त्याच्यासाठी कोणीतरी खोलीवर थांबायचे, एवढे निघण्यापूर्वी आपसांत ठरवून घ्यावे.