अँब्युलन्सला दोन तास लागले, याचा जाब कुणाला विचारायचा?

वेणू_घाटावरची (१० जून)

मार्चमध्ये पहाटे ४ वाजता सासरे लघवीला उठले आणि उंबऱ्यातच कोसळले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. ४ वाजून १० मिनिटांनी मी १०८ ला फोन लावला, मोबाइलमध्ये अजून नोंद आहे. "गाडी निघाली" असं सांगितलं. दारात आली ६ वाजता. डॉक्टर नाही, ड्रायव्हर एकटाच. ऑक्सिजनचं नळकांडं होतं, पण त्याचा काटा शून्यावर. तो बिचारा माझ्या दिराबरोबर स्ट्रेचर उचलता उचलता म्हणाला, "ताई, मी शेजारच्या तालुक्यातून आलोय. इथली गाडी गॅरेजला पडलीय."

जिल्ह्याचं ठिकाण ८४ किलोमीटर. सीटी स्कॅन होईपर्यंत नऊ वाजले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आमची वेळ टळून गेली होती. मामंजींना आता बोलता येत नाही, भाकरीचा तुकडासुद्धा आम्ही भरवतो.

लेखी तक्रार केली. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: "संबंधितांना समज देण्यात आली आहे." कोण संबंधित? कसली समज? मला पैसे नकोत. शेजारच्या सुनेला सातवा महिना आहे, तिच्या वेळेला गाडी असेल का, एवढं मला कळायला हवं. कुणाला विचारू?

नाना_निवृत्त

वेणूताई, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात ३१ वर्षं टेबल सांभाळलं, म्हणून सांगतो. "समज दिली" हे फाइल बंद करायचं वाक्य आहे. परत तक्रार करू नका, कागद मागा.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. गाड्या ठेकेदार चालवतो, पैसा सरकार देतं. तेव्हा "ती माहिती कंपनीकडे आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सरकारी कार्यालयाच्या नियंत्रणाखालची माहितीसुद्धा माहिती अधिकारात मिळते.

अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मार्चची सगळी हकिगत लिहीत बसू नका, अर्ज तिथेच अडकतो. दोन वेगळे अर्ज करा. पहिल्यात तुमच्या कॉलच्या वेळा मागा: फोन कधी आला, गाडी कुठून कधी सुटली, दारात कधी, दवाखान्यात कधी. दुसऱ्यात तुमच्या तालुक्याची गाडी वर्षभरात किती दिवस बंद होती, बदली गाडी दिली का आणि ठेकेदाराच्या बिलातून त्याबद्दल किती दंड कापला, हे मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, पुढच्या ३० दिवसांच्या आत.

खरी मेख दंडाच्या प्रश्नात आहे. दंड कापलेला नसेल, तर समज कुणालाच दिलेली नाही.

गाडीवरचा_डॉक्टर

मी बीएएमएस, सहा वर्षं अशाच गाडीवर काढली. सेवेच्या नियमानुसार प्रत्येक गाडीत डॉक्टर हवाच. आमच्याकडे एका डॉक्टरने सोडलं की दुसरा मिळेपर्यंत गाडी तशीच पळायची. ड्रायव्हरवर राग धरू नका ताई, तुम्ही धरला नाहीत हे वाचून बरं वाटलं.

नानांच्या यादीत एक भर घालतो. प्रत्येक पेशंटचा फॉर्म भरतात, नाडी, बीपी, दिलेलं औषध, खाली डॉक्टरची सही. त्या फॉर्मची प्रत मागा. गाडीत डॉक्टर नव्हता आणि फॉर्मवर सही असेल, तर प्रकरण उशिराच्या पलीकडचं आहे. ऑक्सिजनचं प्रेशर रोज ड्युटी बदलताना वहीत लिहायचं असतं. त्या दिवसाचं पानही सोडू नका.

वेणू_घाटावरची (२ ऑगस्ट)

नाना, डॉक्टरसाहेब, कागद आले. आमच्या तालुक्याची गाडी मार्चमध्ये २३ दिवस बंद. बदली गाडीच्या रकान्यात आडवी रेघ. दंडाबद्दल "माहिती निरंक", म्हणजे काहीच नाही. फॉर्मवर सही आहे, नावही आहे. त्या नावाचा माणूस त्या पहाटे आमच्या दारात नव्हता, हे मी आणि दीर शपथेवर लिहून देणार आहोत.

दंडाच्या उत्तरावर अपील काल टाकलं. सही आणि आडवी रेघ, दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढल्यात, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून ठराव मागणार. ग्रामसेवक म्हणाले विषयपत्रिका ठरलीय. मी म्हटलं, भाऊ, आयत्या वेळच्या विषयात घ्या, मी उठणार नाही.

शेजारणीची तारीख २० ऑगस्ट आहे. तिच्या माहेरच्यांनी जीप ठरवून ठेवलीय. तालुक्याची गाडी परवा मी स्वतः जाऊन पाहिली, आता चालू आहे. ऑक्सिजनचा काटाही बघितला, भरलेला होता.