मदत हवी आहे: पीडी-१ च्या एलायझात कोऱ्या वेलही पिवळ्या

ताळगावकर: एलायझा (प्लेटच्या खळग्यांत, म्हणजे वेलमध्ये, रंगावरून प्रोटीनची पकड मोजायची चाचणी) करतोय. रिकॉम्बिनंट ह्यूमन पीडी-१ (रोगप्रतिकारक पेशींना आवरणारं प्रोटीन) प्लेटवर कोट केलं, वर त्याला धरणारं पीडी-एल१, मग सेकंडरी (रंग आणणारी अँटीबॉडी), मग टीएमबी (रंगाचं रसायन). पीडी-एल१ न घातलेल्या वेलही तितक्याच पिवळ्याधमक. बीएसए या प्रोटीनने मोकळी जागा ब्लॉक केलीय, धुणं व्यवस्थित आहे, ते विचारू नका. सोमवारी गाइडला आकडे दाखवायचेत. लवकर सांगा.

फोंडेकर: पावडरची कुपी उघडण्याआधी स्पिन केलीस? भाग पाडून फ्रीझरला ठेवलंस, की रोज तीच कुपी वितळवतोस? पावसात आमच्याकडे लाइट गेली की फ्रीझरचं पाणी होतं. माझं एक महागडं प्रोटीन असंच वाया गेलं.

मडगावची_माई: जनरेटर असूनही? आमच्याकडे तो सुरू करणारा माणूस मिळेपर्यंत बर्फ संपतो!

प्रोटीनवाली: फोंडेकर, प्रोटीन मेलं तर सिग्नल पडेल, कोऱ्या वेलमध्ये चढेल कशाला? ताळगावकर, टॅग (प्रोटीनला मुद्दाम जोडलेला तुकडा) कुठला? सेकंडरी कशाविरुद्ध?

दूधवाला: बीएसए सोडा. ५ टक्के दुधाची पावडर, विषय संपला.

प्रोटीनवाली: दुधात बायोटिन असतं. पुढे बायोटिनला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरायचं झालं तर तेच नडेल.

ताळगावकर: टॅगचं बघायला लागेल, कुपीचं लेबल पुसलंय. हेक२९३ या मानवी पेशींमधलं आहे. कागदावर वजन ४३ किलोडाल्टन लिहिलंय, जेलवर पट्टा बराच वर आणि पसरट येतो, तेही विचारायचं होतं. सेकंडरी नेहमीचीच, अँटी-ह्यूमन आयजीजी एचआरपी, म्हणजे माणसाच्या आयजीजी अँटीबॉडीला धरणारी, रंग आणणारं एचआरपी एन्झाइम लावलेली.

प्रोटीनवाली: अरे बाबा! पीडी-१ चा पेशीबाहेरचा भाग नुसता १७ च्या आसपास. ४३ म्हणजे मागे माणसाच्या आयजीजीचं एफसी (अँटीबॉडीचं शेपूट) जोडलेलं आहे. तुझी सेकंडरी थेट कोटिंगलाच धरते, मध्ये पीडी-एल१ असो वा नसो. पट्टा वर येतो तो साखरेच्या साखळ्यांमुळे. ई. कोलाय या जीवाणूमधलं, म्हणजे साखळ्यांविना असतं, तर तसा आला नसता.

निवृत्त_मास्तर: पीडी-१ च्याच शोधाबद्दल जपानच्या होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ना? माझ्या मेहुण्यांना डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवलीय. हे प्रोटीन बाहेरून स्वस्तात मिळेल का?

फोंडेकर: मास्तर, नाही हो. औषध म्हणजे पीडी-१ ला अडवणारी अँटीबॉडी, निवोलुमॅब वगैरे. ही कुपी फक्त प्रयोगशाळेसाठी. खर्चाचं डॉक्टरांशीच बोला.

ताळगावकर: मग करू काय?

फोंडेकर: हिस-टॅगवालं पीडी-एल१ घे, अँटी-हिसने बघ.

प्रोटीनवाली: सुटं पीडी-एल१ नको. या दोघांची पकड मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे ढिली, धुतानाच सुटून जाईल. एफसीवालं जोडीने असतं, म्हणून टिकतं. बायोटिन लावलेलं पीडी-एल१-एफसी घे, मग स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी. स्वतः बायोटिन लावणार असशील तर कॅरिअरमध्ये (प्रोटीन टिकवायला घातलेलं जास्तीचं प्रोटीन) बीएसए नको आणि बफरमध्ये ट्रिस नको, नाहीतर बायोटिन त्यांनाच चिकटतं.

फोंडेकर: माझं हिसवालं चाललं होतं.

प्रोटीनवाली: कॉन्सन्ट्रेशन किती घेतलं होतंस ते सांग आधी.

ताळगावकर: तुम्ही दोघं नंतर भांडा. बायोटिनवालं आता मागवलं तर सोमवारपर्यंत येणार नाही. वास्को-पणजीत कुणाकडे थोडं पडून आहे का?

प्रोटीनवाली: माझ्याकडे असावं. उद्या फ्रीझर उघडून बघते. सेकंडरी एकटी, पीडी-१ न लावलेल्या वेलमध्ये घालून बघ तोवर. तिथे रंग आला नाही तर दुसरं कारण शोधायला नको.