प्रतिसाद: दोन दिवसांत परत आलेला पेपर

ताई, उदगीरच्या गरोदर मातांवरचा तुमचा संशोधन पेपर जर्नलकडून दोन दिवसांत परत आला म्हणजे तो समीक्षकांपर्यंत गेलाच नाही, ऑफिसच्या तपासणीतच अडकला. बहुतेक वेळा गोम ओळख लपवण्यात असते: पेपर कुणाचा, हे समीक्षकांना कळू नये म्हणून. लेखकांची नावं, संस्था, आभार, निधी हे सगळं वेगळ्या टायटल पेजवर टाका. मूळ फाइलमध्ये ‘आमच्या कॉलेजचं रुग्णालय’ नको, ‘मराठवाड्यातील एक उपजिल्हा रुग्णालय’ पुरे. नैतिक समितीची मान्यता लिहा, पण समितीचं नाव तिथे झाका. वर्डच्या फाइल-इन्फोमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा, ऑथर म्हणून तुमचं नाव (किंवा टायपिंगवाल्याचं!) तिथे हमखास राहतं.

वरच्या प्रतिसादात कुणी स्ट्रोब चेकलिस्ट (पेपरमध्ये काय काय लिहायचं त्याची यादी) सुचवलीय. ती निरीक्षणात्मक अभ्यासाला, म्हणजे आपण काही उपाय न करता फक्त नोंदी घेतो त्याला. तुम्ही मातांच्या शिकवणीआधी आणि नंतर गुण मोजलेत, तुलना गट यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडलेला) नाही, म्हणून अशाच अभ्यासांसाठीची ट्रेंड चेकलिस्ट जुळते. प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक भरा.

प्रबंधातलं परिचयाचं प्रकरण जसंच्या तसं उचलू नका, साम्य तपासणीत (आधीच्या लिखाणाशी मजकूर जुळतो का ते बघताना) तेच पकडलं जातं. पेपर एमएस्सीच्या प्रबंधावर आधारित आहे हे कव्हर लेटरमध्ये सरळ सांगा. आणि एकाच वेळी दोन जर्नलना अजिबात पाठवू नका.