'अतानारजुआत'चा शेवट मवाळ नाही

शेवटी नायक अतानारजुआत खलनायक ओकीला जिवंत सोडतो, म्हणून 'अतानारजुआत' हा कॅनडातला चित्रपट मवाळ झाला, असं एक मत आहे; ते मला पटत नाही. चित्रपट ज्या दंतकथेवर बेतलाय, त्या मूळ कथेत नायक सूड घेतो, शत्रूंना ठार मारतो, हे खरं. पण हा बदल बाहेरच्या कुणी प्रेक्षकांना बरं वाटावं म्हणून केलेला नाही. दिग्दर्शक झकारियास कुनुक स्वतः इनुइट, म्हणजे कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या मूलनिवासींपैकी, इग्लुलिक गावचे. पटकथाकार पॉल अपाक आंगिलिर्क यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ही कथा ऐकून, ध्वनिमुद्रित करून मग पटकथा बांधली. १९९८ मध्ये ते गेले, पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहताच आला नाही, याची मला फार हळहळ वाटते.

शेवटचा प्रसंग पुन्हा पाहा. गुळगुळीत बर्फाच्या घरात अतानारजुआत शत्रूंना पाडतो, गदा उगारतो आणि ती ओकीच्या डोक्याशेजारी बर्फावर आपटतो. खून इथेच थांबतील, म्हणतो. पुढे ओकीची म्हातारी आजी पानिकपाक ओकी, त्याची बहीण पुया आणि त्यांच्या साथीदारांना क्षमा करते, पण टोळीतून कायमचं बाहेर काढते. जिथे शिकार वाटून खाल्ल्याशिवाय माणूस तगत नाही, तिथे ही शिक्षा मवाळ कशी म्हणायची?