ब्लोअर पूर्ण बंद: मोटर, रेझिस्टर की स्विच?

कंपूकर
गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल एसी, ब्लोअरचा नॉब चार स्पीडचा. दिवाळीपासून 1, 2, 3 वर ब्लोअर फिरत नव्हता, फक्त 4 वर चालायचा. परवापासून 4 पण गेला. वायपर, काचा, हॉर्न ठीक. ब्लोअरचा 30 अँपिअरचा फ्यूज काढून बघितला, तार शाबूत आहे. एसीचं बटण दाबलं तर दिवा लागत नाही. नॉबच्या मागून किंचित जळकट वास येतो. मिस्त्री म्हणतो, मोटर, रेझिस्टर (करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग), स्विच तिन्ही बदलून टाका. घरी मल्टिमीटर आहे. रोज पहाटे मुरैन्याला जायचं असतं आणि सध्याच्या कोहऱ्यात समोरची काच आतून धुरकटते. आधी काय तपासू?

टेस्टलॅम्प
तिन्ही बदलायची घाई नको. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत, पण मूळ बहुतेक एकच.

फक्त 4 चालणं म्हणजे रेझिस्टर गेला. 1 ते 3 वर करंट त्याच्यातून जातो, 4 वर त्याला वळसा घालून थेट. रेझिस्टर वाहत्या हवेत बसवलेला असतो, त्या हवेनेच तो गार राहतो. हवा अडली किंवा मोटर जड फिरायला लागली की तापतो आणि त्याच्यावरचा थर्मल फ्यूज उडतो. म्हणून मोटर न तपासता नवा रेझिस्टर घातला तर तोही जातो.

आता 4 का गेला ते शोधू. मीटर आत्ता बाजूला ठेवा. जळलेल्या पिनमधूनही मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा, झाला टेस्ट लॅम्प. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, खोटं लगेच उघडं पडतं. पिवळ्या कपलरना (वायरी जोडणाऱ्या प्लगना) मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचे.

ग्लोव्हबॉक्स उतरवा, मोटरचा दोन वायरींचा कपलर काढा. किल्ली ऑन, नॉब 4 वर.
१) बल्ब कपलरच्या दोन्ही पिनांमध्ये. लख्ख पेटला तर मोटर गेली.
२) नाही पेटला तर एक टोक बॉडीला, दुसरं आळीपाळीने दोन्ही पिनांना. एका पिनवर लख्ख पेटलाच पाहिजे. कुठेच नाही पेटला तर फ्यूज किंवा रिले (चुंबकावर चालणारा स्विच). रिले हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा, पण वरचा नंबर सारखा असेल तरच.
३) एक पिन लख्ख असेल तर प्लस ठीक, दोष अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या मायनसच्या बाजूला. अशा बहुतेक गाड्यांत स्विच मोटरच्या पुढे, अर्थच्या वाटेवर असतो.

एसीचा दिवा लागत नाही यात वेगळा बिघाड शोधू नका. ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसर चालला तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमेल, म्हणून एसीला सिग्नल ब्लोअरच्या स्विचमधूनच मिळतो.

हे सगळं साध्या नॉबसाठी. ऑटो क्लायमेटवाल्या गाडीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे बल्ब लावत बसू नये.

जनकगंजवाला
तोवर कोहऱ्यापुरतं: हवा बाहेरून घेण्यावर ठेवा, रिसर्क्युलेशन बंद, दिशा समोरच्या काचेवर, तापमान पूर्ण गरम. गाडी चालती असली की ब्लोअरशिवायही थोडी हवा आत येते. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या. ओले पायपुसणे गाडीत ठेवू नका, बरीच वाफ तिथूनच येते.

आणि रेझिस्टरवरच्या थर्मल फ्यूजला तार मारून काम भागतं, खर्च शून्य.

टेस्टलॅम्प
काचेचं बरोबर. तार मात्र कृपा करून कोणी मारू नका. तो फ्यूज प्लास्टिकच्या डक्टमध्ये आग लागू नये म्हणूनच आहे. मोटर जाम झाली की रेझिस्टरची कॉइल लाल होते आणि शेजारी बाहेरून आत पडलेली नीमची वाळलेली पानं.

कंपूकर
तपासलं. मीटरवर कपलरच्या दोन पिनांत 12.1. बल्ब लावला तर नुसता लालसर. एका पिनपासून बॉडीला लख्ख. मग नॉबचं पॅनल काढलं: स्विचच्या कपलरमध्ये एका पिनचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय, पिन काळी. बल्ब मोटरच्या कपलरवर तसाच ठेवून मोजलं: स्विचची अर्थ वायर ते बॉडी 0.1 व्होल्ट, त्या काळ्या पिनची वायर ते अर्थ वायर 7 व्होल्ट.

टेस्टलॅम्प
मग सापडलं. 12 पैकी 7 व्होल्ट त्या जळक्या जागीच खर्च होतायत, बल्बला उरतात 5. बल्ब एक अँपिअरच्या आसपास ओढत असेल तर तिथे सहा-सात ओहमचा अडथळा झाला. सुरू होताना मोटरचा स्वतःचा रोध एक ओहमपेक्षाही कमी, तिच्या वाट्याला जेमतेम एक व्होल्ट येतो. ती हलतही नाही, आणि करंट वाढत नसल्यामुळे फ्यूजही उडत नाही. अर्थ ठीक आहे, तिकडे जाऊ नका.

नुसता नवा स्विच जुन्या कपलरमध्ये खुपसू नका. ढिली, काळी पिन नव्या स्विचलाही जाळते. वायर कापत जा, तांबं चकचकीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं क्रिम्प (पकडीने दाबून केलेला जोड) धरत नाही. पुढे 2.5 चौरस मिमीची वायर, नवं टर्मिनल पकडीने नीट क्रिम्प, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पीळ देऊन टेप गुंडाळणं इथे चालत नाही.

थाटीपूर_ऑटोइलेक्ट्रिक
स्विच जळला कारण मोटर जास्त ओढत होती. आता मोटर बघाच. ग्लोव्हबॉक्सखालचे तीन स्क्रू काढले की खाली उतरते. पंखा बोटाने फिरवा: सोडल्यावर थोडा पुढे जायला हवा. खरखरला किंवा जागीच थांबला तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) सुकलेत. बॅटरीवर थेट चालवताना मध्ये 20 अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटर घट्ट धरा, सुरू होताना हाताला झटका देते.

करंट डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या) मोजा. स्वस्त क्लॅम्प बहुतेक फक्त एसी करंट (घरच्या विजेसारखा) मोजतात, डायल बघून घ्या. मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या भोकातून मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज उडेल. मोटर गाडीत बसवून 4 वर चालवा. छोट्या गाडीत 12-15 ला मी ठीक म्हणतो, 20 ला नाही.

बुशवर मशीन ऑइलचे एक-दोन थेंब, जास्त नको, कम्युटेटरवर (कार्बन ज्याच्यावर घासतात त्या तांब्याच्या भागावर) गेलं तर कार्बनची काजळी चिकटते. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो उरलंसुरलं तेल धुऊन नेतो. कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) झिजून टोकाला आले असतील, किंवा मोटर ठोकल्यावरच सुरू होत असेल, तर तेल-बिल सोडा, नवी मोटर घ्या.

कंपूकर
पंख्यात मूठभर नीमची पानं निघाली. बुशवर तेल दिलं. आधी बॅटरीवर कुरकुरत होती, आता आवाज नाही. पिन बदलून स्विच नवा घातला: 4 वर 13 अँपिअर. एसीचा दिवाही लागला. आता रेझिस्टर आणायचा, जुन्याच्या टोकांत मीटर काहीच दाखवत नाही.

थाटीपूर_ऑटोइलेक्ट्रिक
जुना सोबत घेऊन जा, पिनांची संख्या आणि जागा जुळवून घ्या. नवा बसवायच्या आधी दुकानातच मोजा: टोकाच्या पिनांत दोन-तीन ओहमच्या आसपास यावं, मीटरच्या वायरींचे 0.2-0.3 वजा करून. मधल्या पिनांत त्याहून कमी. आणि वायपरखालची जाळी काढून आतला कचरा साफ करा, पानं तिथूनच आत पडतात.