बी विंगच्या गच्चीला कुलूप कुणी लावलंय?

प्रज्ञा बी-५०१ (६:४८): बी विंगच्या गच्चीला कुलूप कुणी लावलंय? काल संध्याकाळी सहापर्यंत उघडी होती. कुरडयांसाठी साडेचारला उठून दोन किलो गव्हाचा चीक शिजवलाय, पातेलं आत्ताच खाली उतरवलं. वॉचमनकाका म्हणतात किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस उघडतं दहाला.

प्रज्ञा बी-५०१ (६:५३): कोणीतरी उत्तर द्या प्लीज. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही.

नाना ए-२०१ (६:५५): सुप्रभात. गच्चीच्या वापराबाबतचा ठराव २०१९ च्या वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाला आहे. वाळवण, गाद्या, कपडे यासाठी गच्ची हवी असल्यास एक दिवस आधी वहीत लेखी नोंद करावी. कृपया सर्वांनी ठराव वाचावा. 🙏

प्रज्ञा बी-५०१ (६:५६): नाना, नोंद सोमवारीच केली आहे. वहीत बघा.

चेतन सी-६०२ (६:५९): चीक!! प्रज्ञाताई, एक वाटी बाजूला ठेवा. दूध-साखर घालून. जळगाव सोडल्यापासून तोंडाला लागलेला नाही.

उषा काकू ए-१०४ (७:०२): आमच्या नागपूरकडे कुरडईला कुरोडी म्हणतात. रसाच्या जेवणात कुरोडी नसली तर पाहुणे उठून जायचे.

चेतन सी-६०२ (७:०३): आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रस, पुरणपोळी आणि तळलेली कुरडई. आणि ज्वारीचे बिबडे. बिबडे कुणी करतं का इथे?

प्रज्ञा बी-५०१ (७:०४): चेतन, वाटी ठेवते. पण आधी किल्ली. सेक्रेटरी मिलिंददादांना कुणीतरी फोन करा, ते माझा उचलत नाहीयेत.

शिल्पा बी-६०१ (७:०७): प्रज्ञाताई, राग मानू नका, पण मी गेल्या वर्षीही बोलले होते. गच्ची म्हणजे आमचं छत आहे. मागच्या मे महिन्यात पापड्यांचे तुकडे पावसाळी पाइपाच्या तोंडाशी अडकले, जूनच्या पहिल्या पावसात पाणी तुंबलं आणि आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. रंगाचे पैसे आम्ही भरले. तेव्हा ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

प्रज्ञा बी-५०१ (७:०९): शिल्पा, त्या पापड्या माझ्या नव्हत्या. पण तू म्हणतेस ते खरं आहे, झाडून घ्यायला हवं होतं.

उषा काकू ए-१०४ (७:१०): साबुदाण्याच्या पापड्या माझ्या होत्या. मी झाडून घेतलं होतं. कबुतरांनी नेल्या तर मी काय करणार?

शिल्पा बी-६०१ (७:११): काकू, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

उषा काकू ए-१०४ (७:११): घेतलं नाही तरी कळतं.

नाना ए-२०१ (७:१२): गच्चीच्या वापराबाबतचा ठराव २०१९ च्या वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाला आहे. कृपया वाचावा. 🙏

रोहन ए-६०३ (७:१५): सोलर पॅनलच्या दोन ओळींमधल्या जागेत वाळवण घालू नये ही विनंती. मागे एकांनी पॅनलवरच धोतर पसरलं होतं. दुपारपर्यंत पाणी कोमटच. आणि इतका त्रास कशासाठी? गृहउद्योगाच्या दुकानात सगळं तयार मिळतं, चांगलं मिळतं.

सुमन काकू बी-४०२ (७:१९): रोहन, तयार मिळतं ते कुणाच्या तरी गच्चीवरच वाळलेलं असतं रे. लिज्जतची सुरुवातही गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवरच झाली. १५ मार्च १९५९, सात बायका, ८० रुपये उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली होती.

रोहन ए-६०३ (७:२०): काकू, त्यांच्या गच्चीवर सोलर नव्हतं.

प्रज्ञा बी-५०१ (७:२२): रोहन, तुझ्या पॅनलपासून दहा फूट लांब घालते मी, टाकीच्या पलीकडे. गच्चीच का, तेही सांगते. आमची बाल्कनी पूर्वेची. समोरचा टॉवर झाल्यापासून नऊनंतर ऊन नाही. कुरडईला पहिल्या दिवशी अखंड कडक ऊन लागतं. ते मिळालं नाही तर ती आतून ओली राहते, काळपट पडते, आंबूस वास येतो आणि तळली की फुलत नाही. पंख्याखाली वाळवून बघितलंय. चिवट झाल्या, अख्खा डबा फेकला.

उषा काकू ए-१०४ (७:२४): रविवारी करायचं होतंस ना, सगळे घरी असतात. गुरुवारी कुणी काढतं का?

प्रज्ञा बी-५०१ (७:२६): काकू, चीक वार बघत नाही. रविवारी गहू भिजत घातले, सोमवार-मंगळवार पाणी बदललं, काल वाटून चीक गाळला, रात्रभर निवळू दिला. आज पहाटे वरचं पिवळं पाणी ओतून टाकलं. आज शिजवला नसता तर उद्या आंबून गेला असता.

उषा काकू ए-१०४ (७:२७): गहू कोणता?

प्रज्ञा बी-५०१ (७:२७): लोकवन.

उषा काकू ए-१०४ (७:२८): खपली घे. खपलीच्या चिकाची चवच वेगळी.

सुमन काकू बी-४०२ (७:२९): खपलीची कुरडई लालसर होते. पांढरीशुभ्र हवी तर लोकवनच.

उषा काकू ए-१०४ (७:२९): पांढरी कशाला हवी? खायचीय की भिंतीला लावायचीय?

सुमन काकू बी-४०२ (७:३०): बरं.

शिल्पा बी-६०१ (७:३१): पाइपाला जाळी कधी बसणार एवढं कुणी सांगेल का? मी जानेवारीत मेल केला आहे.

सुमन काकू बी-४०२ (७:३३): विषय निघालाच आहे तर एक बोलते, बरेच दिवस मनात आहे. प्रज्ञा, तुझ्या ब्लॉगवर पोह्यांच्या मिरगुंडाची कृती वाचली. छान लिहिली आहेस. पण "शेजारच्या एका काकूंनी दाखवली" असं आहे. एका काकूंनी? पापडखार किती, पीठ किती कुटायचं, तेलाचा हात कधी लावायचा, तीन दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकलीस. बावीस वर्षं या इमारतीत राहते मी. मला नाव आहे.

चेतन सी-६०२ (७:३४): काकू, मी तरी तुमच्याच नावाने सांगतो सगळ्यांना.

सुमन काकू बी-४०२ (७:३४): तू खायला येतोस, तुला माहीत असणारच.

प्रज्ञा बी-५०१ (७:३८): काकू, चुकलं माझं. नाव टाकायला परवानगी विचारायला हवी होती. ती विचारायचं राहिलं म्हणून नावच गाळलं, आणि ते जास्त वाईट दिसलं. आज दुपारी दुरुस्त करते. मी हे सगळं का लिहिते तेही सांगते. सासूबाई कधीच प्रमाण सांगायच्या नाहीत. "हाताला कळतं" म्हणायच्या. शेवटच्या उन्हाळ्यात त्या चीक ओतायच्या आधी मी पातेलं वजनकाट्यावर ठेवायचे, ओतून झालं की पुन्हा ठेवायचे. त्यांना आवडायचं नाही, म्हणायच्या मी काय किराणा दुकान मांडलंय का. तसं मोजून मोजून कळलं : एक वाटी दाट चीक तर एक वाटी पाणी, पाण्याला उकळी आली की मीठ-हिंग, मग एका हाताने धार धरायची आणि दुसऱ्या हाताने उलथणं थांबू द्यायचं नाही. चीक पांढरा असतो तो काचेसारखा दिसायला लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की झाला. हे मी लिहिलं नसतं तर त्यांच्याबरोबर गेलं असतं. नणंद न्यू जर्सीत ते वाचून करते. तिच्या मुली आजीची कुरडई म्हणून खातात.

उषा काकू ए-१०४ (७:४०): खरं आहे गं. माझ्या आईची सांडग्यांची कृती कुणी लिहून ठेवली नाही. कोहळ्याचे करायची. मला आता चव आठवते, हात आठवत नाही.

शिल्पा बी-६०१ (७:४१): प्रज्ञाताई, ब्लॉगवरच्या गच्चीच्या फोटोत मागे आमची दोरी आणि कपडे दिसतात. माझ्या जावेने मला दाखवला. तो फोटो प्लीज काढा.

प्रज्ञा बी-५०१ (७:४२): काढला. आत्ताच. सॉरी शिल्पा.

उषा काकू ए-१०४ (७:४३): प्रज्ञा, कुरडयांखाली सासूबाईंची पातळंच घालतेस ना अजून? त्यांची गोधडी शिवायची म्हणत होतीस.

प्रज्ञा बी-५०१ (७:४४): हो, सुती पातळं, दोन जोडलेली. पण चिकाची खळ बसून इतकी कडक झालीत की सुई जात नाही.

सुमन काकू बी-४०२ (७:४५): रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेव, दोनदा पिळून काढ. मग दाभणही लागणार नाही. धावदोरा घालताना कडेकडून मधे ये, नाहीतर मधे फुगा धरतो. चारी कोपऱ्यांना त्रिकोण लाव. आणि हे माझ्या नावाने लिही.

प्रज्ञा बी-५०१ (७:४५): लिहिते काकू. 🙏

मिलिंद (सेक्रेटरी) सी-३०३ (७:४७): सर्वांना नमस्कार. आत्ता फोन बघतोय, एकोणीस मिस्ड कॉल. बी विंगच्या गच्चीला काल रात्री वॉटरप्रूफिंगचा शेवटचा हात मारला आहे, शिल्पाताईंच्याच तक्रारीवरून. अठ्ठेचाळीस तास कुणी पाय ठेवायचा नाही. नोटीस लिफ्टमध्ये लावली होती.

प्रज्ञा बी-५०१ (७:४८): बी विंगची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे.

मिलिंद (सेक्रेटरी) सी-३०३ (७:४९): हो. ते लक्षात आलं नाही. वहीतली तुमची नोंदही बघायला हवी होती. सी विंगच्या गच्चीवर कंत्राटदाराचं सामान आहे. ए विंगची रिकामी आहे, पण तिची किल्ली माझ्याकडे नाही.

रोहन ए-६०३ (७:४९): ए विंगची किल्ली नानांकडे असते.

नाना ए-२०१ (७:५०): गच्चीच्या वापराबाबतचा ठराव २०१९ च्या वार्षिक सभेत

नाना ए-२०१ (७:५०): चुकून अर्धा गेला.

चेतन सी-६०२ (७:५१): नाना, किल्ली!!

नाना ए-२०१ (७:५३): किल्ली माझ्याकडे आहे. नोंदवही मागवून पाहिली. सोमवारची नोंद आहे, सही आहे. नियमाप्रमाणे केलेल्या माणसाची अडवणूक होऊ नये हाच ठरावाचा हेतू होता, तो मीच मांडला होता. मी वर जाऊन कुलूप काढतो. चपला दाराबाहेर काढाव्यात.

प्रज्ञा बी-५०१ (७:५४): नाना, फार उपकार झाले. पातेल्यावर ओलं फडकं टाकून ठेवलंय, मंद वाफ देऊन परत मऊ करते. चेतन, बी विंगची लिफ्ट बंद आहे, पातेलं पाच मजले उतरवायला ये.

चेतन सी-६०२ (७:५४): निघालो. वाटी घेऊन येतोय.

सुमन काकू बी-४०२ (७:५६): माझा पितळी सोऱ्या आणते, तुझा प्लॅस्टिकचा दट्ट्या गरम चिकाला वाकतो. दोघी दाबू, म्हणजे साडेनऊच्या आत होईल.

शिल्पा बी-६०१ (७:५९): मिलिंददादा, वॉटरप्रूफिंगबद्दल आभार. जाळीचं मात्र अजून कुणी बोललेलं नाही. ए विंगच्या पाइपालाही नाही.

रोहन ए-६०३ (८:००): आणि ए विंगखाली आम्ही राहतो.

मिलिंद (सेक्रेटरी) सी-३०३ (८:०२): शनिवारी प्लंबर येतोय. तिन्ही विंगच्या पाइपांना जाळ्या बसवतो. सोसायटीच्या खर्चाने.

शिल्पा बी-६०१ (८:०३): शनिवार लिहून ठेवते.

प्रज्ञा बी-५०१ (९:४१): झाल्या. अठ्ठावन्न कुरडया. दुपारी एक ते तीन मी ऑनलाइन मीटिंगमध्ये आहे, तेवढा वेळ ए विंगमधलं कुणी कबुतरांकडे बघेल का?

उषा काकू ए-१०४ (९:४३): मी बसते. छत्री घेऊन जाते. आणि प्रज्ञा, संध्याकाळी कडा सुटलेल्या दिसल्या तरी उचलू नकोस, उद्या ऊन वर आलं की उलट.

नाना ए-२०१ (९:४५): उषाताई, टाकीच्या बाजूला सावली असते. खुर्ची ठेवली आहे.