मदत हवी आहे: पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) चार्ज आलाय, कारभार कुठं शिकायचा?

नमस्कार मंडळी, बहीण एमबीबीएस झाली, सरकारी सेवेच्या बाँडवर आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका पीएचसीला लागली आणि सिनिअर रजेवर गेल्यानं चार्ज हिच्याकडंच की ओ! पेशंटला ती घाबरत नाही, पण परवा रात्री लसींचा फ्रीज बंद पडला, 2 ते 8 डिग्रीत ठेवायच्या म्हणून आईसपॅक घालून सगळ्या कोल्डबॉक्समध्ये हलवल्या, सकाळी दुरुस्तीचं काढलं तर क्लार्क म्हणतो रुग्ण कल्याण समितीचा (केंद्राचा निधी बघणारी समिती) ठराव आणा. कॉलेजात औषधं शिकवली, ठराव कोण शिकवणार? तातडीचा खर्च आधी करून नंतर मंजुरी चालते का? आधी टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकारी) विचारायचं की थेट झेडपीत डीएचओंकडं (जिल्हा आरोग्य अधिकारी)? वयानं मोठ्या स्टाफकडनं कामं कशी करून घेता तेपण सांगा, कुणी एमओ (मेडिकल ऑफिसर) असेल तर प्लीज.